विश्लेषण : आकाशवाणीची ओळखधून बांधणारे वॉल्टर कॉफमन कोण होते?

सोलापूर आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची जी धून वाजते, ती अनेकांना पाठ आहे. तिचे श्रेय सहसा ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन नाझींच्या छायेतून निसटून मुंबईत आलेले चेक संगीतकार होते.

भारतात का आले?

कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये बोहेमियातील कार्लोव्ही व्हारी येथे ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन आणि प्राग येथे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर वर्षभरात, १९३४ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिची आई आणि दोन्ही मावश्या पुढे नाझींच्या वंशसंहारात बळी पडल्या.

मुंबईत काय केले?

मोजके वादक, प्रत्येकाचा स्वतंत्र भाग आणि छोटी बैठक, हे चेंबर म्युझिकचे स्वरूप. त्यासाठी कॉफमन यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. झुबिन मेहता यांचे वडील, व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांच्या सोबत होते. १९३७ पासून कॉफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. शिवरंजनीची छाया असलेली ओळखधून याच काळातली.

बोहेमियाशी याचा काय संबंध?

बोहेमियाच्या संगीतकारांना परमुलूख नवा नव्हता. चोत्सेन गावचे वेन्झेल मातिएगका (१७७३-१८३०) व्हिएन्नात स्थिरावले. बासरी, व्हायोला आणि गिटारसाठी त्यांनी लिहिलेल्या एका रचनेला शुबर्ट यांनी १८१४ मध्ये चेलोची जोड दिली. विसाव्या शतकात ते हस्तलिखित सापडले, तेव्हा ती रचना काही वर्षे शुबर्ट यांचीच मानली गेली. मातिएगका यांची जुनी छापील प्रत हाती आल्यावर खरा कर्ता कळला. धून राहते, कर्त्याचे नाव मागे पडते. कॉफमन यांच्या बाबतीतही तसेच झाले.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले आणि विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. मुंबईत आले तेव्हा हिंदुस्थानी संगीताच्या रेकॉर्ड ऐकून त्यांना काहीच उमगले नव्हते. मात्र एवढे लोक ज्यात रमतात ते समजत नसेल, तर उणीव आपल्यातच आहे, असे मानून ते शिकत राहिले. १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.