जॉन ॲस्पिनवॉल रूझवेल्ट

जॉन ॲस्पिनवॉल रूझवेल्ट (१८४० – १९०९) हे बर्फावर शिडाच्या नौका हाकण्याच्या खेळातील अमेरिकन अग्रणी होते. न्यू यॉर्क राज्यातील गोठलेल्या हडसन नदीवर धावणारी त्यांची ‘आयसिकल’ ही आजवर बांधल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या हिमनौकांमध्ये गणली जाते. काही ग्रंथांत तिच्या मालकाचे नाव जॉन ई. रूझवेल्ट असे छापलेले आढळते. ते याच घराण्यातील दुसरे गृहस्थ होत.

कुटुंब

आयझॅक रूझवेल्ट आणि मेरी रिबेका ॲस्पिनवॉल यांचे ते धाकटे पुत्र. थोरले बंधू जेम्स हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांचे वडील. जॉन यांचे ‘रोझडेल’ हे निवासस्थान हडसनच्या पूर्व तीरावर हाइड पार्क येथे होते. त्यांच्या ग्रेस व एलेन या कन्या टेनिसपटू होत्या. १८९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत एलेन यांनी एकेरीचे आणि दोघी बहिणींनी मिळून दुहेरीचे विजेतेपद मिळविले.

आयसिकल

ही नौका १८६९ च्या सुमारास पकीप्सी येथील कारागीर जेकब बकआउट यांनी बांधली. तिची लांबी सुमारे ६९ फूट, तर शिडांचे क्षेत्रफळ १,००० चौरस फुटांहून अधिक होते. अशा नौकेला आडव्या फळीच्या दोन टोकांना दोन धातूची पाती असत. तिसरे पाते मागे असून तेच सुकाणूचे काम करी. बर्फावर घर्षण अत्यल्प असल्याने नौका प्रत्यक्ष वाऱ्याहूनही वेगाने धावे. मात्र वाऱ्याच्या झोताने एक बाजू उचलली गेली, की मागच्या पात्याची पकड सुटून नौका गरकन फिरे व स्वार दूर फेकले जात. लोहमार्ग नदीच्या काठानेच जात असल्यामुळे आगगाड्यांशी शर्यती लागत. १८७१ मध्ये आयसिकलने शिकागो एक्सप्रेसला मागे टाकले, असे सांगितले जाते. त्या काळी आगगाडी हेच वेगाचे परिमाण होते.

क्लब आणि स्पर्धा

पकीप्सीच्या हिमनौका क्लबमधील मतभेदांनंतर १८८५ मध्ये रूझवेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हडसन रिव्हर आइस यॉट क्लब स्थापन केला आणि ते त्याचे कमोडोर झाले. ‘आइस यॉट चॅलेंज पेनंट ऑफ अमेरिका’ हा मानाचा ध्वज आयसिकलने १८८८, १८८९, १८९२ व १८९९ मध्ये पटकावला. शेजारी आर्चिबाल्ड रॉजर्स यांची ‘जॅक फ्रॉस्ट’ ही तिची प्रमुख प्रतिस्पर्धी. हा ध्वज दरवर्षी लढविला जात नसे, कारण हडसनच्या या भागातही भरती-ओहोटी पोहोचते. त्यामुळे बर्फ दुभंगतो, आणि हिमवृष्टी झाली की गुळगुळीत पृष्ठभाग झाकला जातो. प्रचंड खर्चाच्या या नौका म्हणूनच हिवाळ्यातील मोजकेच दिवस बाहेर पडत. हा छंद श्रीमंतांपुरता का राहिला, हे यावरून सहज कळते.

पुतणे फ्रँकलिन यांनाही हा छंद जडला. १९०१ मध्ये आईने त्यांना ‘हॉक’ ही त्यामानाने लहान हिमनौका भेट दिली. जॉन रूझवेल्ट यांचे १९०९ मध्ये निधन झाले. पुढे १९३० च्या दशकात सुकाणूचे पाते पुढच्या टोकाला बसविलेल्या हलक्या नौका प्रचलित झाल्या आणि आयसिकलसारख्या अवजड नौका शर्यतींतून मागे पडल्या.