बालकांची माउली लुईझ शेप्लर

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. घरखर्चाची वही सोडली तर हातात लेखणी धरायचा प्रसंग फारसा येत नाही. पण आपल्या बालवाडीच्या ओट्यावर बसून एकदा मी जिची गोष्ट सांगितली होती, तिचीच लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला. म्हणून हे धाडस करीत आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

ही गोष्ट माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग मी घेते. हे काम प्रथम अंगावर आले तेव्हा मला घामच फुटला. पवित्र शास्त्र एवढे मोठे, माझी विद्या एवढीशी आणि समोर नाक पुसता न येणारी लेकरे. त्यांना प्रभू येशूचे शुभवर्तमान मी काय शिकवणार? माझ्या आधी तो वर्ग घेणाऱ्या वृद्ध बाईंनी मला जवळ बसवून घेतले आणि लुईझ शेप्लरची हकीकत सांगितली. पुढे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

फ्रान्स देशाच्या पूर्व कडेला व्होझ नावाचे डोंगर आहेत. त्यांत बां द ला रोश म्हणून एक खोरे आहे. जर्मन बोलणारे लोक त्याला दगडांचे खोरे म्हणत. त्या काळी जमीन हलकी, हिवाळा लांबलचक, रस्ते जवळजवळ नाहीतच आणि लोक अतिशय गरीब. अशा ठिकाणी १७६७ साली योहान फ्रेडरिक ओबरलिन हे तरुण पाळक होऊन आले. वाल्डर्सबाख गावी ते राहिले आणि सन १८२६ मध्ये मरेपर्यंत तिथून हलले नाहीत. हातात कुदळ घेऊन त्यांनी गावकऱ्यांबरोबर रस्ते केले, नदीवर पूल बांधला, बटाट्याचे चांगले बियाणे आणवले. पण त्यांचे मन सर्वांत जास्त गुंतले ते लहान मुलांत. आईबाप शेतावर गेले की शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली पोरे दिवसभर वाऱ्यावर असत.

याच खोऱ्यातल्या बेलमाँ गावात सारा बॅन्झेट नावाची एक शेतकऱ्याची मुलगी होती. ती शेजारपाजारची मुले आपल्या घरी गोळा करून त्यांना विणायला शिकवी. तिच्या बापाला हे पसंत नव्हते. घरात चार पैसे येत नाहीत आणि मुलीचा वेळ मात्र जातो, असे त्याचे म्हणणे. ओबरलिन यांनी बापाची समजूत घातली, साराला पगार ठरवून दिला आणि १७६९ सालापासून हे काम रीतसर सुरू झाले. त्यात ओबरलिन यांच्या पत्नी मादलेन यांचाही मोठा हात होता. बिचारी सारा १७७४ साली ऐन तारुण्यात वारली, पण तिने लावलेले रोप जगले.

आता लुईझकडे वळते. तिचा जन्म ४ नोव्हेंबर १७६३ रोजी बेलफॉस या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. १७७९ साली, पंधराव्या वर्षी, ती ओबरलिन यांच्या घरी कामाला राहिली. झाडलोट, स्वयंपाक, मुलांचे सांभाळणे हे तिचे काम. पण मुलीचा स्वभाव आणि समज पाहून ओबरलिन पतिपत्नींनी तिला या बालशाळांच्या कामातही घेतले. ती डोंगरातल्या गावागावांतून बर्फ तुडवीत मुलांकडे जाई.

त्या शाळा कशा होत्या हे ऐकण्यासारखे आहे. थंडीच्या मुलखात शेगडी पेटवलेली एक खोली, एवढीच शाळेची इमारत. अगदी लहान मुले तिथे खेळत. त्यांच्याहून मोठी विणायला आणि सूत कातायला शिकत. चित्रे दाखवून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगत. चित्रांवरूनच झाडे, फुले, पशुपक्षी ओळखायला शिकवीत आणि मग रानात नेऊन तेच फूल खरे दाखवीत. देवाची गाणी म्हणत. घरी गावठी बोली बोलणारी मुले इथे हसतखेळत शुद्ध फ्रेंच बोलू लागत. शिकवणाऱ्या बायकांना फ्रेंचमध्ये जे नाव होते त्याचा अर्थ कोवळ्या बालकांना वाट दाखवणाऱ्या असा होतो. मला हे नाव फार आवडते. वाट दाखवणारीला मुलाच्या पावलाने चालावे लागते.

१७८३ च्या जानेवारीत ओबरलिनबाई वारल्या. मागे सात मुले. लुईझ तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची. तिने लग्नाचा विचार सोडला, घर सांभाळले, त्या सात जणांना आईची माया दिली आणि खोऱ्यातल्या बालशाळांचे कामही चालू ठेवले. १७९३ च्या नववर्षदिनी तिने ओबरलिन यांना पत्र लिहून कळवले की यापुढे मला पगार नको, मला आपली मुलगीच समजावे. ओबरलिन वारल्यावर त्यांच्या मुलांनी तिला बापाच्या मिळकतीत आपल्याबरोबरीचा वाटा देऊ केला. तिने तो घेतला नाही. त्या घरात राहावे आणि आपल्या नावापुढे ओबरलिन हे नाव लावावे, एवढेच तिने मागितले.

१८२९ साली पॅरिसच्या फ्रेंच अकादमीने सत्कार्यासाठी असलेले माँतियों पारितोषिक तिला दिले. प्रसिद्ध शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी विद्वानांच्या सभेत तिचा गौरव केला. पाच हजार फ्रँकांची ती रक्कमही तिने परोपकारातच घातली. २५ जुलै १८३७ रोजी ती देवाघरी गेली. त्याच वर्षी जर्मनीत फ्रोबेल यांनी आपली बालकांची संस्था सुरू केली, तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळाले. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी त्या डोंगरातल्या खेडवळ मुली हे काम करीत होत्या. अकादमीत कौतुक झाले ते लुईझचे, पण तिच्या आधी सारा होती हे विसरू नये, म्हणून तिचेही नाव मी मुद्दाम लिहिले आहे.

एका गोष्टीत मात्र माझे मन थोडे अडते. लुईझने पगार सोडला, तिचा त्याग मोठाच. पण बाईने फुकट राबावे हाच आदर्श आपण त्यातून घेऊ नये. साराच्या बापाची तक्रार अगदीच खोटी नव्हती, आणि ओबरलिन यांनी तिला पगार ठरवून दिला तेव्हाच ते काम मार्गी लागले. आपल्या बालवाडीच्या दोन्ही ताईंचे मानधन दर महिन्याला वेळेवर मिळावे असे मी मंडळाच्या सभेत बोलले, ते याच आठवणीने.

आता माझ्या वर्गाचे सांगते. पूर्वी मी मुलांकडून वचने घोकून घेई, आणि एखादे चुळबुळ करू लागले की देव रागावेल म्हणून दटावी. लुईझची गोष्ट कळल्यावर मी ते दटावणे सोडले. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची तर आधी एक कापडी मेंढरू लपवते आणि सगळ्यांना शोधायला लावते. सापडले की काय आनंदीआनंद होतो! मग मेंढपाळ का हसला हे वेगळे समजवावे लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एक चार वर्षांचा मुलगा आईला यायला उशीर झाला म्हणून रडत होता. मी काही बोलायच्या आत एका चिमुरडीने ते मेंढरू त्याच्या मांडीवर नेऊन ठेवले. त्या दिवशी मला वाटले, धडा पोचला.

आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्मांच्या भगिनी आहेत. आपापल्या घरी प्रत्येकजण आपापल्या देवाच्या गोष्टी सांगते. पण लहान मुलाला देव दयाळू आहे असे सांगायचे, तर सांगणारीने आधी दयाळू व्हावे, हे लुईझचे शिक्षण सर्वांना सारखेच उपयोगी पडेल. ती काही मोठी पंडिता नव्हती, परक्या घरी कामाला राहिलेली मुलगी होती. म्हणून मी फार शिकले नाही, मला काय येते, असे म्हणून बालवाडीच्या कामातून मागे सरणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे की, एकदा येऊन मुलांत बसा. पुढचे मुलेच शिकवतात.