खैरुद्दीन ट्युनिसी : सासऱ्याचा हिशेब मागणारा वजीर

मुस्लिम देश मागे पडले ते इस्लाममुळेच, असं सर्रास बोललं जातं. खैरुद्दीन ट्युनिसींनी दुखणं आतून पाहिलं होतं. काकेशसमधला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पोरगा ट्युनिसच्या दरबारात मंत्री झाला. १८६१ च्या राज्यघटनेनंतर ते मजलिसचे अध्यक्ष झाले. पण मुख्य वजीर मुस्तफा खजिनदार, म्हणजे त्यांचे सासरेच, तिजोरी उपसत होते. खैरुद्दीननी १८६२ मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी पॅरिसहून कर्ज, मग डोईपट्टी दुप्पट, १८६४ मध्ये बंड. १८६९ मध्ये परदेशी सावकारांचं कमिशन येऊन बसलं. यात धर्माचा काय कसूर?

बेलगाम सत्ता मुलूख बुडवते, युरोपातलं चांगलं घ्यायला शरीयत आडवी येत नाही, असं त्यांनी १८६७ च्या ग्रंथात मांडलं. दुनियेकडे पाठ फिरवणाऱ्या उलेमांनाही सोडलं नाही. १८७३ मध्ये सासऱ्यांच्या जागी ते स्वतः वजीर झाले. १८७५ मध्ये सादिकी कॉलेज काढलं. कुरआनसोबत गणित आणि फ्रेंचही. (आम्हा मास्तरांना हे जास्त भावतं.)

१८७७ मध्ये राज्यकर्त्या बेने त्यांना काढलं. पुढे त्यांनी आपली एनफिदाची अफाट जमीन फ्रेंच कंपनीला विकली, हे मात्र खटकतं. १८८१ मध्ये फ्रेंच फौजाच आल्या.