फुटबॉलच्या मैदानातून हॉकीच्या शिखरावर : बिलासपूरचे लेस्ली क्लॉडियस

रायपूर : तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एका रौप्यपदकाचे मानकरी लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म २५ मार्च १९२७ रोजी आजच्या छत्तीसगडमधील बिलासपूर येथे एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. भारतीय हॉकीच्या सुवर्णकाळाचे ते आधारस्तंभ ठरले. परंतु त्यांची पहिली ओढ फुटबॉलची होती.

बिलासपूर हे बंगाल-नागपूर रेल्वेचे महत्त्वाचे स्थानक. याच रेल्वेच्या खरगपूर येथील संघात क्लॉडियस फुटबॉलपटू म्हणून दाखल झाले. तेथे १९३२ च्या ऑलिंपिक विजेत्या संघातील डिकी कार यांनी १९४६ मध्ये त्यांच्या हाती हॉकीची स्टिक दिली. अवघ्या दोन वर्षांत, वयाच्या २१ व्या वर्षी, ते लंडन ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघाचे सदस्य झाले.

राइट हाफची जागा टाळ्या मिळवून देणारी नव्हे. प्रतिस्पर्ध्यांची डावी आघाडी रोखावी, चेंडू हिरावून घ्यावा आणि आपल्या आघाडीच्या खेळाडूंकडे अचूक पोहोचवावा, हे तिचे काम. क्लॉडियस यांनी ते शांतपणे, धसमुसळेपणा न करता केले. १९५२ मध्ये हेलसिंकी आणि १९५६ मध्ये मेलबर्न येथे भारताने पुन्हा सुवर्णपदक जिंकले.

१९६० मध्ये रोम येथे संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला १-० असे नमविले आणि १९२८ पासून चालत आलेली ऑलिंपिक सुवर्णपदकांची अखंड मालिका खंडित झाली. ज्यांच्या कारकिर्दीत पराभव जवळजवळ अपरिचित होता, त्यांनाच या पराभवाचे कर्णधारपद भूषवावे लागले.

स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी स्थायिक झाली; क्लॉडियस मात्र कोलकात्यातच राहिले आणि तेथील कस्टम्स संघाकडून खेळले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. त्यांचे पुत्र रॉबर्ट १९७८ च्या विश्वचषकात भारताकडून खेळले. परंतु तरुण वयातच त्यांचे अपघाती निधन झाले. हे दुःख क्लॉडियस यांनी अखेरपर्यंत सोसले. २० डिसेंबर २०१२ रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.

पुढे २०१५ मध्ये रायपूर येथे झालेल्या हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम फेरीत भारताने कांस्यपदक पटकावले. क्लॉडियस यांच्या जन्मभूमीत, आंतरराष्ट्रीय पदकासाठी तळमळणाऱ्या भारतीय हॉकीला त्या यशाने दिलासा दिला.