एका बालकाची दोन नावे

दिल्लीच्या दर्यागंज भागात, यमुनेच्या जुन्या पात्राच्या बाजूस, तांबड्या दगडाची एक मशीद आहे. तिच्या शुभ्र घुमटांवर काळ्या दगडाचे पट्टे आहेत. आसपासचे लोक तिला घटा मशीद म्हणतात. तिचे मूळ नाव झीनत-उल-मसाजिद. अठराव्या शतकाच्या आरंभी औरंगजेब बादशहाची कन्या झीनत-उन्-निसा बेगम हिने ती बांधविली. महाराष्ट्रातून येणारे प्रवासी लाल किल्ला पाहतात, राजघाटावर जातात आणि परत फिरतात. ह्या वास्तूकडे त्यांची पावले सहसा वळत नाहीत. परंतु मराठ्यांच्या एका छत्रपतीच्या बालपणाचा धागा ह्या बेगमेशी गुंतलेला आहे. तो छत्रपती म्हणजे शिवप्रभूंचा नातू आणि संभाजीराजांचा पुत्र शाहू.

मूल आरशात आपले मुख पाहते ते पुढे. त्याआधी ते स्वतःला पाहते आईच्या डोळ्यांत, वडिलांच्या स्वरात आणि शेजाऱ्यांच्या हाकेत. ज्याला सर्वजण गुणी म्हणतात तो स्वतःस गुणी समजू लागतो. ज्याला उठता बसता नाठाळ म्हटले जाते, तो नाठाळपणा हाच आपला स्वभाव मानतो. घरोघरी हे नित्य घडत असल्यामुळे त्याकडे आपले लक्ष जात नाही. पण जेव्हा एकाच बालकाला एक बाजू एक म्हणते आणि दुसरी बाजू अगदी वेगळे म्हणते, आणि दोन्ही बाजू त्याच्या अंथरुणापाशी उभ्या असतात, तेव्हा त्या बालकाने स्वतःस काय समजावे? शाहूमहाराजांच्या चरित्रात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

त्यांचा जन्म 18 मे 1682 रोजी रायगडाच्या परिसरात माणगावजवळ गांगवली येथे झाला. आजोबांना जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती, म्हणून बाळाचे नाव शिवाजी ठेवले. त्या काळी ह्या नावाचा भार केवढा होता हे सांगावयास नको. सात वर्षांचा हा शिवाजी रायगडावर असतानाच 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी त्याचे वडील पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांचा क्रूर वध झाला. गडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंनी ह्या वेळी जो निर्णय केला त्याला तोड नाही. गादीवर स्वतःच्या मुलाचा हक्क असताना तो मागे ठेवून त्यांनी दीर राजारामांना गडाबाहेर काढले, राज्याचे रक्षण त्यांच्यावर सोपविले आणि आपण मुलासह मागे राहिल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि आई व मुलगा बादशहाच्या छावणीत कैदी म्हणून दाखल झाले.

औरंगजेबाचे वय तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्याने ह्या मुलाला सात हजारी मनसब दिली, राजा ही पदवी दिली आणि आपल्या गुलालबारेत, म्हणजे खास शाही तंबूंच्या वेढ्यात ठेवले. आणि आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे नवे नाव. आजोबांचा उल्लेख दरबारात लुटारू म्हणून होत असे. तेव्हा हा मुलगा तसा नव्हे, हा साव आहे, अशा अर्थाने बादशहाने त्याला शाहू म्हणण्यास आरंभ केला अशी परंपरा आहे. संस्कृत पढलेल्या माणसाला शब्दाच्या मुळाशी जाण्याची खोड असते, म्हणून सांगतो: संस्कृतातील साधू हा शब्द प्राकृतात साहु झाला आणि मराठीत साव झाला. शब्द मोठा गोड, मोठा सज्जन. पण त्याच्या पोटात काटा आहे. चोर आणि साव ही जोडी आपल्या भाषेत नेहमी बरोबर येते. एकाला साव म्हणताना दुसऱ्याला चोर म्हटलेले असते. बालकाला सज्जन म्हणावयाचे आणि त्याच श्वासात त्याच्या कुळाला चोर ठरवावयाचे, हे त्या एका हाकेत सामावले होते. आजही कित्येक घरांत मुलाची स्तुती करताना, तू तुझ्या बापावर गेला नाहीस हे बरे झाले, असे सहज म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ऐकणाऱ्याचे अर्धे अंग त्यात कापले जाते.

बादशहाला मात्र आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक असावे. तो स्वतः सात-आठ वर्षांचा असताना, 1626 मध्ये, बाप शहाजहान ह्याच्या बंडाचा ओलीस म्हणून थोरला भाऊ दारा ह्याच्यासह आजोबा जहांगीर ह्याच्या दरबारी पाठविला गेला होता आणि दीड-दोन वर्षे नूरजहानच्या देखरेखीखाली राहिला होता. ओलीस मूल म्हणजे काय, हे त्याने भोगले होते. ते आठवून त्याचे मन मृदू झाले असेल, की बालमन कसे वळते हे तेथेच तो शिकला असेल? दोन्ही एकदम संभवते, आणि मनुष्याच्या बाबतीत बहुधा दोन्ही एकदमच असते.

बेगम झीनत-उन्-निसा त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेली होती. तिने विवाह केला नव्हता. वृद्ध पित्याची सेवा आणि शाही गोटाची व्यवस्था हेच तिचे आयुष्य. तिने ह्या परक्या मुलावर आणि त्याच्या आईवर माया केली असे इतिहासकार एकमुखाने सांगतात. अशा रीतीने शाहूराजांचे सारे वाढते वय, सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत, दोन स्त्रियांच्या छायेत गेले. एकीच्या कपाळी कुंकू पुसले गेले होते ते दुसरीच्या बापामुळे. आणि तरीही दोघींचे हात त्या एकाच मुलाच्या डोक्यावरून फिरत होते.

येसूबाईंनी मुलाला काय शिकविले ह्याचा लेख कोठे नाही, परंतु फळावरून झाडाची परीक्षा होते. सतरा-अठरा वर्षे शत्रूच्या तंबूत काढूनही हा मुलगा मराठी बोलत बाहेर पडला, आपल्या कुळाचे देव आणि आचार विसरला नाही, आणि बापाच्या मारेकऱ्याचा द्वेष करणारा किंवा त्याच्यापुढे लाचार होणारा, ह्यांपैकी कोणीच झाला नाही. ज्योत्याजी केसरकरांसारखी निष्ठावंत माणसे भोवती होती, हेही विसरता येत नाही. मुलाला स्वकीयांच्या भाषेत हाक मारणारी चार माणसे जरी उरली, तरी तो स्वतःस हरवत नाही.

छावणी बारमाही फिरती होती. 1695 ते 1699 ती भीमेकाठी ब्रह्मपुरीस होती. त्यानंतर म्हातारा बादशहा स्वतः मराठ्यांचे किल्ले घेण्यास निघाला. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. 1700 च्या एप्रिलात साताऱ्याचा किल्ला मोगलांनी घेतला तेव्हा अठरा वर्षांचा शाहू त्याच छावणीत होता. मग परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. आजोबांनी ज्या गडांवर राज्य उभे केले त्यांवर तोफा डागल्या जात असलेल्या त्याने पाहिल्या, आणि पाहिल्या त्या तोफांच्या मागे उभे राहून. सायंकाळी बादशहापुढे जाऊन मुजरा करावयाचा तो ह्याच मुलाने. आपण कोण, असा प्रश्न तरुणाच्या मनात उठण्यासाठी यापेक्षा निष्ठुर प्रसंग कल्पिता येत नाही.

ह्याच सुमारास धर्मांतराचा प्रस्ताव आला. तो टळला, पण फुकट टळला नाही. बेगमेने रदबदली केली आणि शाहूंच्या ऐवजी प्रतापराव गुजरांच्या पुत्रांनी इस्लाम स्वीकारला, असे इतिहास सांगतो. आपल्या नावासाठी दुसऱ्यांनी आपले नाव दिले, हे ऋण शाहूंनी पुढे कधी नाकारले नाही. त्या काळच्या मोगल बातमीपत्रांत आणखी एक लहानशी नोंद आहे: हा कैदी शिजविलेले अन्न घेत नाही, फळे आणि मिठाईवर राहतो, त्यामुळे त्याची प्रकृती खालावली आहे. आमच्या जेवणावळीच्या आचारांना आजकाल कोणी हसतात, हसावे. पण ज्याच्या हाती तलवार नाही, कागद नाही, पाय मोकळे नाहीत, त्याला मी अमुक आहे एवढे जगाला सांगण्यासाठी स्वतःच्या ताटाखेरीज दुसरे काय उरते?

पुढे 1703 च्या सुमारास बादशहानेच त्यांची लग्ने लावून दिली. एक वधू सिंदखेडच्या जाधवांची आणि दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. त्या प्रसंगी आजोबांची तलवार बादशहाच्या हातून नातवाला मिळाली असे बखरी सांगतात.

1707 च्या आरंभी अहमदनगरला औरंगजेब वारला. शहाजादा आझम गादीसाठी उत्तरेकडे धावला आणि मे महिन्यात, भोपाळजवळ दोराहा येथे, शाहूंची सुटका झाली. परंतु येसूबाई, शाहूंची पत्नी आणि सावत्र बंधू मदनसिंह ह्यांना ओलीस म्हणून ठेवून घेऊन दिल्लीस नेले. पंचवीस वर्षांच्या मुलाला आई शत्रूच्या हाती सोडून दक्षिणेकडे तोंड करावे लागले.

आणि दक्षिणेत काय वाढून ठेवले होते? ज्या नावासाठी त्याने आणि त्याच्या आईने अठरा वर्षे काढली, ते नावच खोटे आहे असे स्वकीय म्हणाले. राजारामांच्या पश्चात राज्य सांभाळणाऱ्या ताराबाईंनी, हा शाहू नव्हे, तोतया आहे, असे जाहीर केले. त्यांचीही बाजू होती. सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली होती, आणि मोगलांनी सोडलेल्या मोगली वळणाच्या राजपुत्रावर त्यांनी विश्वास का ठेवावा? पण ज्याच्याविषयी हा वाद चालला होता, त्याच्या मनाचे काय झाले असेल? शत्रूच्या घरी तो शिवाजीचा नातू म्हणून कैदेत होता. घरी आला तर घरचेच म्हणतात, तू तो नव्हेस. परसोजी भोसल्यांनी सर्वांदेखत त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून हा आमच्याच रक्ताचा आहे अशी साक्ष दिली. खंडो बल्लाळांनी गुप्तपणे भेटून खात्री करून घेतली आणि धनाजी जाधवांना सांगितली. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडच्या लढाईत धनाजी शाहूंकडे आले आणि 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. हाच सातारा आठ वर्षांपूर्वी त्यांनी मोगलांच्या बाजूने पडताना पाहिला होता.

दक्षिणेकडील ह्या प्रवासात दोन गोष्टी घडल्या. पारद गावी लोखंडे पाटलांनी विरोध केला. लढाईत पाटील पडले. त्यांची विधवा आपले मूल घेऊन आली आणि तिने ते शाहूंच्या पालखीत घातले. शाहूंनी ते ठेवून घेतले, पहिल्या विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला आपले भोसले हे आडनाव दिले आणि विरूबाईंच्या ओटीत घालून पुत्रवत वाढविले. अक्कलकोटचे घराणे ते हेच. बाप ज्याच्या हाताने मेला त्याच्याच घरी वाढलेले मूल, आणि तेही नवे नाव घेऊन: शाहूंना ह्या मुलाच्या डोळ्यांत कोण दिसले असेल हे सांगावयास नको. पण एक भेद आहे. फत्तेसिंहाला नाव देताना त्याच्या बापाला शिवी दिली गेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की खुलताबादेस जाऊन शाहूंनी औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले; अनवाणी गेले असे सांगतात. ह्यावरून त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मला मात्र येथे उद्योगपर्वातील कर्ण आठवतो. तू कुंतीचा पुत्र आहेस हे प्रत्यक्ष श्रीकृष्णाने सांगितल्यावरही त्याने राधेला टाकले नाही. जिने दूध पाजले, ज्याने मांडीवर घेतले, त्यांचाच मी, असे तो म्हणाला. कर्णाला ही निष्ठा मृत्यूकडे घेऊन गेली. शाहूंनी कबरीवर डोके टेकविले आणि तेथून उठून ते आजोबांच्या गादीकडे गेले. जन्म आणि पोषण ह्यांत एकाची निवड करावयास त्यांनी नकार दिला, असे मी समजतो. पुढे दिल्लीच्या तख्ताविषयी त्यांनी जो मवाळपणा दाखविला त्याचे मूळही येथेच असावे, आणि त्याचा राज्यास तोटाही झाला हे नाकारण्याचे कारण नाही.

1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या मदतीस दिल्लीस गेले. फर्रुखसियर पदच्युत झाला; शहरातील रस्त्यांवर दंगल उसळून कित्येक मराठे मारले गेले. परत येताना पेशव्यांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि येसूबाईंना आणले. रायगड पडल्याला तीस वर्षे झाली होती. सदतीस वर्षांच्या राजाने साताऱ्यास आईचे पाय धरले. दोनच वर्षांनी, 1721 मध्ये, दिल्लीत झीनत-उन्-निसा वारली आणि तिला तिच्या त्या मशिदीतच पुरले. 1857 नंतर इंग्रजांनी तिची कबर तेथून हलविली.

ताराबाईंनाही पुढे, 1730 नंतर, पन्हाळ्याहून आणल्यावर शाहूंनी साताऱ्यात मानाने ठेवले. ज्या बाईने त्यांना तोतया म्हटले तिच्याच शब्दावर विसंबून अखेरीस त्यांनी रामराजाला वारस नेमले. आणि शाहू गेल्यावर थोड्याच काळात तिने त्यालाही तोतया म्हटले. असो.

15 डिसेंबर 1749 रोजी शाहूमहाराज निवर्तले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी राज्य केले, आणि सर्व काळ लोकांनी त्यांना शाहू म्हणूनच ओळखले. शत्रूने दिलेल्या त्या नावाचा त्यांनी कधी कंटाळा केला नाही. परंतु त्यांच्या कागदांवर उमटणारी संस्कृत राजमुद्रा वाचावी. बटू वामनाच्या रूपात अवतरून मग त्रिभुवन व्यापणाऱ्या विष्णूची उपमा तीत आहे, आणि ही मुद्रा कोणाची ते सांगताना तीत शाहू हा शब्द येत नाही. तेथे लिहिले आहे ते शंभूचा पुत्र शिवराज, हे आईने पाळण्यात ठेवलेले नाव.