पळवणकर बाळू : गुण आणि स्वभाव

गेल्या वर्षी नांदेडला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस जावयाच्या आमच्या फुटबॉल संघाची निवड लातूरच्या मैदानावर चालली होती. यादीतल्या शेवटच्या एका नावावरून दिवे लागेपर्यंत वाद झाला. मुलाच्या पायांत जादू होती, पण तो फटकळ, कोणात न मिसळणारा. काहींचे मत पडले की गुण पाहावेत. काहींचे, की संघात स्वभावही पाहावा लागतो. दोघांचेही मला पटत होते. कडेला बसून ऐकताना आठवण झाली ती पळवणकर बाळूंची. त्यांचा खेळ क्रिकेटचा, काळ शंभर वर्षांपूर्वीचा. परंतु निवड समितीसमोरचा हा प्रश्न त्यांच्याइतका क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पळवणचे. वडील पुण्याला सैन्याच्या नोकरीत होते. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळ शिकले. पुढे एका पारशी क्लबात मैदान झाडण्याची आणि रोलर फिरवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना तीन रुपये. तेथून गोऱ्यांच्या पूना क्लबात गेल्यावर तो चार झाला. येथे जाळी बांधून झाली की साहेबलोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हेही काम असे. जे. जी. ग्रेग हा त्यांच्यातला नामांकित फलंदाज. त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बाळूंची डावखुरी फिरकी या तासन्‌तासांच्या मजुरीतूनच घडली. मात्र इतक्या वर्षांत कोणीही त्यांच्या हाती बॅट दिली नाही. त्यांच्यातला फलंदाज कसा होता हे पाहण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना सर्वांत अधिक छळणारा गोलंदाज त्यांच्याच मैदानावर झाडू मारीत होता! त्याला संघात घ्यावे की नाही यावर खल झाला. अखेर घेतले. सीमारेषेच्या आत सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे. गुणांना प्रवेश मिळाला होता. माणूस दाराबाहेरच राहिला होता.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले, रेल्वेत लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात आठ बळी एकट्या बाळूंचे होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ जिंकला थोडे, हरला पुष्कळ. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशी गाठून गेले होते. फिरकी गोलंदाजाचे उमेदीचे दिवस आधीच खर्ची पडल्यावरची ही कामगिरी आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता उरला होता कर्णधारपदाचा प्रश्न. अनुभव, डोके, सहकाऱ्यांचा विश्वास हे सारे बाळूंपाशी होते. तरीही तो मान वर्षामागून वर्षे दुसऱ्याकडे जात राहिला. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान आपल्याऐवजी बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनीच एका समारंभात मोकळेपणाने कबूल केले. मग अडले कोठे? नेतृत्वाला व्यक्तिमत्त्व लागते, असे आपण म्हणतो. पण जन्मावरून जी उंची आणि जो दर्जा मानला जातो, त्यालाच तेव्हा व्यक्तिमत्त्व समजले जात होते. माझ्या मते बाळूंचा खरा स्वभाव, म्हणजे चिकाटी, संयम, अपमान गिळून दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू हाती घेणे, त्या तराजूत कधी पडलाच नाही. किंबहुना त्यांचा शांतपणा निवड करणाऱ्यांच्या सोयीचाच ठरला. जो तक्रार करीत नाही त्याला डावलणे सोपे असते.

भावांनी ती तक्रार केली. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. आजच्या भाषेत ही बेशिस्त! आमच्या मैदानावर असे घडते तर दोन्ही नावांवर काट मारायला मीही कदाचित तयार झालो असतो. पण त्या बेशिस्तीमुळेच तडजोड झाली. बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेवढेच. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. तोवर बाळू निवृत्त झाले होते.

पुढे ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या डॉक्टरांना बाळूंच्या खेळाचा तरुणपणी अभिमान होता, त्यांच्याशीच ही झुंज व्हावी, याची हळहळ वाटते. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली निघाले. ते कोठल्या ग्रंथालयात हाती लागले तर अवश्य वाचावे.