म्हणी वेचणारा इरॅस्मस

हॉलंडमध्ये रॉटरडॅमला लागून कापेल आन डेन आयसेल नावाचे गाव आहे. आयसेल नदी गौडा शहराकडून येते व या गावावरून रॉटरडॅमकडे जाते. १५९८ साली राजपुत्र मॉरिसचे नाव आपल्या बेटाला देणारे खलाशी याच देशाचे. म्हणून हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. याच परिसरात वाढलेल्या इरॅस्मसची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

१४६५ ते १४७० च्या दरम्यान त्याचा जन्म रॉटरडॅमला झाला. पहिली शाळा गौड्याची. वडील धर्मगुरू असल्यामुळे आईबापांचे लग्न झालेले नव्हते, आणि हा डाग त्याला जन्मभर सलत राहिला. पुढे प्लेगने आईवडील दोघेही नेले. पालकांनी पोरक्या मुलाला मठाची वाट दाखवली. गौड्याजवळच्या स्टेन मठात तो रोमन कवी वाचू लागला. एका मित्राला पत्र लिहून त्याने आपले काव्यगुरू सांगितले. त्यांत ओव्हिड, टिबुलस व प्रॉपर्शियस हे प्रेमकवीही होते. मायेला पारख्या झालेल्या मुलाला हे कवी जवळचे वाटावेत, यात आम्हाला नवल वाटत नाही.

१५०० साली इंग्लंड सोडताना डोव्हर बंदरात त्याची बहुतेक पुंजी जप्त झाली. नाणे देशाबाहेर नेण्यास तेथे कायद्याने बंदी होती. रिकाम्या हाताने पॅरिस गाठून त्याने त्याच वर्षी ग्रीक व रोमन म्हणींचे पुस्तक छापले. आरंभी त्यात आठशेवर म्हणी होत्या, अखेरीस चार हजारांवर गेल्या. प्रत्येकीचे मूळ आणि वापर त्याने समजावून दिला. थेंबाथेंबाने दगड झिजतो ही म्हण त्यातलीच. ओव्हिडने हाच दाखला देऊन प्रियकराला धीर धरायला शिकवले होते.

१५३६ साली बाझेल येथे इरॅस्मस वारला. १५५९ मध्ये पोपच्या बंदीयादीत त्याचे सारे ग्रंथ गेले. १५७५ मध्ये हे पुस्तक काटछाट होऊन, त्याचे नाव गाळून छापले गेले. म्हणी मात्र टिकल्या.

आपले पूर्वज कोकणातून जहाजाने आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात पैसा थोडा होता, पण ओव्या आणि म्हणी होत्या. त्या कोणी जप्त करू शकले नाही. वाचकहो, आजीच्या तोंडची एखादी म्हण आज वहीत उतरवून ठेवा, आणि ती कुठून आली हेही मुलांना सांगा.